कार्बोरेटर सारखा तुंबतोय? आधी पेट्रोलची टाकी उतरवा

जुनी पद्मिनी, अँबॅसिडर किंवा जीप गावात बरी चालते आणि चढ लागला की झटके मारायला लागते. मिस्त्री कार्बोरेटर खोलतो, जेट, म्हणजे त्यातली पेट्रोलची बारीक भोकं, फुंकतो, गाडी सुरू. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. मग कोणीतरी नवा कार्बोरेटर बसवायला सांगतं, आणि महिनाभरात त्याचीही तीच गत होते. होणारच, कारण हा कचरा मुळात कार्बोरेटरमध्ये तयार होत नाही. तो टाकीत तयार होतो आणि पाइपातून पुढे येतो.

वर्षातून चार वेळा बाहेर निघणाऱ्या गाडीची टाकी बहुतेक वेळा अर्धी रिकामी असते. दिवसा तापलेली हवा रात्री थंड झाली की वरच्या पत्र्यावर आतून दव धरतं आणि पाणी जड म्हणून तळाशी जाऊन बसतं. त्यामुळे गंज दोन जागी जोरात धरतो, छताला आणि तळाला. त्यात आता पंपावर मिळणारं साधं पेट्रोल ई२० आहे, म्हणजे त्यात २० टक्के इथेनॉल. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पाणी मर्यादेबाहेर गेलं की ते इथेनॉलसकट पेट्रोलपासून वेगळं होऊन खाली बसतं. पद्मिनीचं, म्हणजे जुन्या फियाटचं, उत्पादन तर २००० च्या सुमारासच थांबलं. तिचे रबरी पाइप आणि टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा पडदा या पेट्रोलसाठी बनलेलेच नव्हते.

टाकी उतरवण्याआधी खात्री करा

गाडी बंद पडताच टाकीचं झाकण उघडा. ‘फुस्स’ करून हवा आत गेली आणि नंतर गाडी लगेच सुरू झाली, तर टाकीचा श्वास कोंडलाय. झाकणातलं हवेचं भोक किंवा टाकीची हवेची नळी साफ करा, काम तिथेच संपलं.

तसं नसेल तर कार्बोरेटरचं वरचं झाकण काढून फ्लोटच्या (पेट्रोलवर तरंगणाऱ्या डबीच्या) वाटीचा तळ पाहा. तपकिरीसारखी पूड बोटाला लागली तर तो टाकीचा गंज. काळे, मऊ कण असतील तर रबरी पाइप आतून विरघळतोय. पिवळसर, चिकट थर म्हणजे जुनं पेट्रोल आटलंय. तिन्ही एकत्रही सापडतात. शेवटी टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून तासभर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर पाणी नक्की.

टाकी उतरवणे

हे काम उघड्यावर करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. बंद गॅरेजात ती जमिनीलगत पसरत जाते आणि शेजारच्या गॅस गिझरपर्यंतही पोचू शकते. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडवा. पेट्रोल हातपंपाने पत्र्याच्या डब्यात काढा. तोंडाने ओढायची जुनी सवय सोडा.

टाकी धरणाऱ्या पट्ट्यांचे आणि गेज युनिटचे (टाकीतलं पेट्रोल मोजणाऱ्या भागाचे) गंजलेले बोल्ट आदल्या रात्रीच गंज सुटायच्या तेलात भिजवून ठेवा. कोणती नळी कुठे जाते याचे फोटो काढा. मग गेजच्या वायरी, पेट्रोलचा पाइप, हवेची नळी, तोंडाजवळचं रबर आणि शेवटी पट्टे, या क्रमाने सोडवा. टाकी खालून काढायची असेल तर दुसरा माणूस हवाच.

रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते. काठोकाठ भरलेल्या टाकीत पेटायला हवा नसते. रिकामीत वाफ आणि हवा दोन्ही असतात. हवेत दीड ते साडेसात टक्के वाफ असली की ठिणगी पुरते. म्हणून गेज युनिट काढा आणि भांडी घासायचा साबण घातलेल्या पाण्याने टाकी तीन-चार वेळा विसळा, वास जाईपर्यंत. विसळलेलं पाणी आणि जुनं पेट्रोल गटारात ओतू नका. गॅरेजवाले जुनं ऑइल जिथे देतात तिथेच तेही द्या.

गंज काढणे

वाळल्यावर आत टॉर्च मारून पाहा. काही ठिकाणी पत्रा अजून राखाडी, चमकदार दिसेल. जुन्या टाक्यांना आतून शिसं-कथलाचा मुलामा असे, तो शाबूत आहे तिथे खरवडायचं नाही. सुटा गंज काढायला मीटरभर बारीक साखळी आत सोडा, एक टोक बाहेर ठेवा, थोडं पाणी घालून टाकी सगळ्या बाजूंनी हलवा. नट-बोल्ट टाकणारे बरेच असतात, पण आतल्या आडव्या पत्र्यांमागे एखादा नट अडकला की तो खुळखुळा कायमचा. साखळी निदान ओढून काढता येते.

उरलेल्या गंजासाठी लिंबूसत्त्व वापरा, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड. किराणा दुकानात किंवा रसायनांच्या दुकानात सुटं मिळतं. लिटरला ५० ग्रॅम हे प्रमाण, म्हणजे ४० लिटरच्या टाकीला २ किलो. कोमट पाण्यात विरघळवा. गेज युनिटच्या भोकावर जुन्या पॅकिंगसकट पत्र्याचा तुकडा बसवा, पाइपाच्या तोंडाला रबरी बूच मारा आणि टाकी गळ्यापर्यंत भरा. अर्धी भरली तर छताचा गंज तसाच राहील. तोंडाचं झाकण घट्ट लावू नका, बारीक बुडबुडे येतात आणि त्यांना वाट हवी. बारा तासांनी पाहा, गरज वाटली तर चोवीस तास ठेवा. त्याहून जास्त नको.

संडास धुवायचं अ‍ॅसिड ओतायचा सल्ला गॅरेजात हमखास मिळतो. गंज तासाभरात जातो हे खरं, पण सोबत चांगला पत्राही खातो आणि वाफेने आसपासची हत्यारं गंजतात. पन्नास वर्षांच्या पातळ पत्र्यावर तो प्रयोग करायचा नाही.

पुढचा अर्धा तास घाईचा. लिंबूसत्त्वाचं पाणी ओता, साध्या पाण्याने विसळा, मग बादलीभर पाण्यात दोन मुठी धुण्याचा सोडा घालून त्याने विसळा म्हणजे उरलेलं आम्ल मरतं. पुन्हा साधं पाणी, आणि लगेच वाळवणं. केस वाळवायचा ड्रायर किंवा ब्लोअर आत हवा मारत ठेवा, टाकी उन्हात फिरवत राहा. स्पिरिट घालून गरम हवा मारू नका. उघडा पडलेला पत्रा पाच-दहा मिनिटांत पिवळा पडू लागतो. हलकी पिवळी झाक चालते, तिच्यासाठी सगळं पुन्हा करू नका. म्हणूनच हे काम ऐन पावसाळ्यात काढायचं नाही, विशेषतः कोकणात. पूर्ण वाळली आणि गार झाली की टू-टी ऑइल मिसळलेलं अर्धा लिटर पेट्रोल आत फिरवून काढून घ्या, पत्र्यावर पातळ थर राहतो.

भोकं आणि लेप

बाहेरून साबणाचा फेस लावा, सगळी तोंडं बंद करा आणि सायकलच्या पंपाने दोन-चार हलके दट्टे मारा. टायरवाल्याचा कॉम्प्रेसर लावाल तर टाकी फुगेल. बुडबुडा येईल तिथे खूण करा. बारीक भोकं जुना रेडिएटर दुरुस्तीवाला कथलाच्या डागाने बंद करतो. ती कला आता कमी होतेय, पण बहुतेक शहरांत एखादा तरी सापडतो. टाकी त्याच्याकडे नेताना ती पेट्रोलची आहे हे सांगून न्या, आणि डाग देण्याआधी ती गरम पाण्याने पुन्हा विसळली जातेय ना ते उभं राहून बघा. वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. पत्रा चाळणीसारखा झाला असेल तर दुसरी टाकी शोधलेली बरी: कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्याचा जुना बाजार, आणि आपल्याच मॉडेलच्या मालकांची ओळख.

आतून इपॉक्सीचा लेप द्यावा का? माझं मत, भोकं नसतील तर नको. थोड्याशा ओल्या किंवा तेलकट पत्र्यावर दिलेला लेप इथेनॉलमुळे पापुद्र्यांनी सुटतो आणि ते पापुद्रे गंजापेक्षा वाईट तुंबवतात. ते काढायला टाकी कापावी लागते.

टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत

गेज युनिट बसवण्याआधी मल्टिमीटर लावून फ्लोटची दांडी सावकाश वर-खाली करा. आकडा मध्येच उडी मारत असेल तर आतली तार घासलीय. पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवा, बुडबुडे आले तर तो भोकाचा. आत जाणाऱ्या नळीच्या टोकाची जाळी नवी लावा. पॅकिंगही नवंच.

लोखंडी पाइप दोन्ही टोकांना सोडवून पंपाच्या बाजूने टाकीकडे हवा मारा, उलट नाही. रबरी तुकडे सगळे बदला. पाइपवर ‘एसएई जे३० आर९’ असं छापलेलं असेल तो घ्या, त्याला इथेनॉल चालतं. पंपाचा पडदा कडक झाला असेल तर त्याचं किट बसवा; फाटलेल्या पडद्यातून पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, म्हणून डिपस्टिक हुंगून पाहा.

आता कार्बोरेटर. जेट हवेने फुंका, किंवा मासे पकडायच्या नायलॉनच्या दोऱ्याने मोकळे करा. तारेने नको, कारण पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की गाडी काळा धूर काढत पेट्रोल पिते. फ्लोटची निडल टोकाला झिजून कड पडलेली असेल तर बदला. आणि कार्बोरेटर लिंबूसत्त्वात भिजवू नका, त्याच्या जस्तमिश्रित धातूला ते चालत नाही.

पंपाआधी पारदर्शक फिल्टर लावा. टाकीत पाच लिटर पेट्रोल घालून गाडी जागेवरच चालवा आणि प्रत्येक जोडावर कोरडं बोट फिरवा. पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये फिल्टर तपकिरी होईल, तो काढून नवा लावा. दुसराही तितक्याच लवकर तपकिरी झाला, तर साखळी पुन्हा आत सोडायची वेळ आलीय. गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवा.