लॉ सीईटी आणि क्लॅट: नागपुरात राहून, कमी खर्चात

आधी कॉलेज ठरवा. नागपूर विद्यापीठाच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधी महाविद्यालयाला सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा) लागते, वारंग्याच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाला क्लॅट (राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा).

क्लॅटमध्ये १२० मिनिटांत १२० प्रश्न, चुकीला पाव गुण वजा. सीईटीत गुण कापत नाहीत, म्हणून तिथे एकही प्रश्न कोरा ठेवू नका.

क्लॅटमध्ये पोरं अडकतात ती कायद्याच्या उताऱ्यात. दिलेला नियम तेवढाच लावायचा. ‘परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जमिनीत शिरणं म्हणजे अतिक्रमण’ एवढंच लिहिलं असेल, तर वाट चुकून शिरलेलाही अतिक्रमणच करतो. त्याचा हेतू कुणी विचारलेलाच नाही. बाहेरचं ज्ञान घुसवलं की उत्तर गेलं. (हुशार पोरंच इथे जास्त फसतात.)

महागड्या क्लासआधी क्लॅट घेणाऱ्या कन्सॉर्टियमच्या (राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या संघाच्या) साइटवरचे जुने पेपर घड्याळ लावून सोडवा. ते फुकट आहेत.

राखीव जागेतून प्रवेश हवा असेल तर जात पडताळणीला महिने जातात, अर्ज अकरावीतच टाका. नॉन-क्रीमीलेअर दाखल्यावरची मुदत तपासा, ती ३१ मार्चला संपते. प्रवेश मिळताच राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरा. बँक खातं आधारशी जोडलेलं नसेल तर पैसे अडकतात.