ओव्हरक्लॉक करताना व्होल्टेज 'ऑटो'वर सोडू नका

ओव्हरक्लॉक म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं. त्यासाठी मल्टिप्लायर (१०० मेगाहर्ट्झच्या मूळ वेगाला गुणणारा आकडा) वाढवून कोअर व्होल्टेज (प्रोसेसरच्या कोअरना मिळणारं व्होल्टेज) 'ऑटो'वरच ठेवलं, की बरेच मदरबोर्ड गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देतात. पीसी चालतो, पण प्रोसेसर विनाकारण तापतो. त्यापेक्षा आकडा आपणच ठरवावा. उदाहरणादाखल इंटेलचा आय७-८७००के घेऊ.

१. बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) सगळ्या कोअरना मल्टिप्लायर ४७, म्हणजे ४.७ गिगाहर्ट्झ. व्होल्टेज मॅन्युअल, १.२५ व्होल्ट.

२. लोड-लाइन कॅलिब्रेशन (लोड आल्यावर होणारी व्होल्टेजची घसरण भरून काढणारी सेटिंग) मधल्या पातळीवर.

३. विंडोजमध्ये एचडब्ल्यूइन्फो (व्होल्टेज आणि तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून ठेवा आणि अर्धा तास सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण लोड टाकणारी टेस्ट) चालवा. बायोसमध्ये भरलेल्या आकड्यावर जाऊ नका, लोड असताना दिसणारा व्हीकोअर, म्हणजे प्रत्यक्ष कोअर व्होल्टेज, पाहा. तो बहुतेकदा थोडा खाली असतो. तापमान ८५ अंशांच्या आत हवं.

४. निळा स्क्रीन आला तर ०.०१ व्होल्ट वाढवा. पीसी टिकला तर तेवढंच उतरवून पुन्हा तपासा. इथे घाई नको, सगळा फायदा याच पायरीत आहे. सगळ्यात कमी टिकणारा आकडा सापडला की वर ०.०२ व्होल्ट जादा ठेवा.

रोजच्या वापरासाठी मग अ‍ॅडॅप्टिव्ह मोड लावा, म्हणजे काम नसताना व्होल्टेज आपोआप उतरतं. मोड बदलल्यावर पुन्हा एकदा टेस्ट घ्याच.

जपायचं एकच: लोड-लाइन कॅलिब्रेशन सगळ्यात कडक पातळीवर नेऊ नका. लोड अचानक सुटला की व्होल्टेज क्षणभर वर उसळतं आणि सॉफ्टवेअरमध्ये ते दिसतही नाही. काही बोर्डांवर पातळी १ सर्वात कडक असते, काहींवर सर्वात सौम्य, म्हणून आधी बोर्डाची माहितीपुस्तिका बघा.