शाळेचे पर्यावरण उपक्रम : सोलापुरात हमखास होणाऱ्या या चुका टाळा

सोलापूर आणि आसपासच्या शाळांत सहावी ते बारावीच्या पोरांसोबत मी पर्यावरणाचे उपक्रम घेतो. हरित सेना असो, नववी-दहावीचा जलसुरक्षा विषय असो की अकरावी-बारावीच्या प्रकल्पवह्या; शाळा बदलते, मास्तर बदलतात, चुका त्याच. त्यातल्या दोन चुकांनी मला पार वैताग आणलाय, म्हणून त्यांच्यावरच जास्त लिहितो.

माळ दिसला की खड्डे घेणं

आपल्या जिल्ह्यातला माळ रिकामा पडलेला नाही. कुसळी, पवन्या, मारवेल या गवतांच्या आधारावर तिथं काळवीट, लांडगा, खोकड, चंडोल, धाविक जगतात. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये झालं ते याच उघड्या गवताळ माळावर. माळढोक पक्षी जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो आणि चहूकडे लांबवर नजर जाईल अशी जागा त्याला लागते. त्याच माळावर पूर्वी गिरिपुष्पाची लागवड झाली आणि त्या झाडीनं या पक्ष्याची उघडी जागा आणखी आवळली.

हे सगळं सांगूनही एका शाळेनं जूनअखेर गावाबाहेरच्या माळावर वृक्षारोपण ठरवलं. फक्कीनं खुणा मारलेल्या, ट्रॅक्टरमधून रोपं आलेली, फलक बांधलेला, फोटोवाला हजर. पहिली कुदळ पडल्यापासून एक टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती आणि पोरं तिला हुसकावत होती. आठवीतली एक मुलगी मात्र कुदळ ठेवून बघत राहिली. म्हणाली, "सर, ती आपल्यालाच ओरडतीय. इथं तिचं काहीतरी आहे." दोन खुणांच्या मधोमध चार अंडी होती, मातीच्याच रंगाची, खड्यांत खडा. संयोजक शिक्षक म्हणाले, "उचलून तिकडं बाजूला ठेवा, सुरक्षित राहतील." हलवलेल्या अंड्यांवर टिटवी परत बसेल याचा काहीच भरवसा नसतो. पाहुण्यांची गाडी वाटेत असताना मी ती ओळ बंद करायला लावली, तेव्हा बरीच बोलाचाली झाली. बाकीच्या ओळी लागल्याच. पुढच्या मार्चमध्ये तिथं वाळक्या काड्या होत्या आणि गवतात अडकलेल्या काळ्या पिशव्या.

रोपं वाळणारच होती. ५ जूनचा पर्यावरण दिन सुट्टीत येतो, म्हणून शाळा उघडली की कार्यक्रम उरकून टाकतात. आपल्याकडे वर्षाचा पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि सर्वांत जास्त पडतो तो सप्टेंबरात. इथला शेतकरी ज्वारीसाठी रब्बीची वाट बघतो ती उगाच नाही. जूनच्या एका सरीवर लावलेलं रोप पुढच्या उघडिपीत जातं.

मी पोरांना माळावर फक्त बघायला नेतो. सुतळीनं एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन आखायचा आणि त्यातलं प्रत्येक गवत, किडा, लेंडी वहीत उतरवायची. सुरुवातीला "सर, इथं काहीच नाही" म्हणतात. थोड्या वेळानं वहीचं पान पुरत नाही. झाडं लावायचीच तर शाळेच्या आवारात लावा: कडुनिंब, बोर, हिवर. जेवढ्यांना फेब्रुवारी ते मे पाणी घालता येईल तेवढीच. मेच्या सुट्टीत पाणी कोण घालणार, त्यांची नावं मी खड्डा घेण्याआधी लिहून घेतो. पाचशे रोपांचा आकडाच ज्यांना हवा असतो, त्यांच्याशी माझं पटत नाही.

भर दुपारी तलावाचं पाणी तपासणं

अकरावीच्या एका गटानं शहरातल्या एका तलावाचं पाणी तपासलं. पाणी हिरवंगार, काठाला निर्माल्य कुजतंय, आणि अहवालात निष्कर्ष : विरघळलेला ऑक्सिजन भरपूर, तलाव निरोगी. किट चांगलं होतं, मुलं प्रामाणिक होती. नमुना मात्र दुपारी बाराचा होता. उन्हात शेवाळ प्रकाशसंश्लेषण करतं आणि पाण्यात ऑक्सिजन सोडतं. रात्री तेच शेवाळ आणि तळाशी कुजणारी घाण तो ओढून घेतात, म्हणून अशा तलावात पहाटे ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो आणि मासे मरतात तेही बहुधा पहाटेच. त्याच मुलांना पुढं सूर्योदयाआधी त्याच जागी नेलं. आकडा निम्म्याच्याही खाली आला. एकानं विचारलं, "सर, मग खरा आकडा कुठला?" दोन्ही खरे. म्हणूनच आकड्याशेजारी वेळ लिहायची.

पाण्याचं तापमानही लिहा. २० अंशाला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसातच्या आसपास. बाटली पाण्याखालीच बंद करा, आत बुडबुडा राहता कामा नये. ऑक्सिजनचा नमुना "उद्या लॅबमध्ये बघू" म्हणून ठेवता येत नाही. पाण्यातला ऑक्सिजन बांधून ठेवणारी पहिली दोन रसायनं काठावरच घालावी लागतात, आणि ती शिक्षकांनी घालायची, हातमोजे घालून. ज्यांना पहाटे उठायचा कंटाळा आहे त्यांनी हा प्रकल्प घेऊच नये.

बाकीच्या, थोडक्यात

पर्जन्यमापक झाडाखाली किंवा भिंतीलगत ठेवू नका. थंड पेयाच्या बाटलीचा पर्जन्यमापक केलात, तर तिचा तळ उंचसखल असतो. खडे आणि पाणी घालून सरळ भागापर्यंत आणा आणि तिथं शून्याची रेघ मारा. वाचन रोज सकाळी साडेआठला, हवामान खात्याचीही तीच वेळ. नुसते मिलिमीटर लिहून थांबू नका. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी; १०० चौरस मीटरच्या गच्चीवर आपल्या वर्षभराच्या पावसाचं ५५,००० लिटर होतं. ज्यांच्या घरी नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्या पोरांना हे गणित फळ्यावर समजावत बसावं लागत नाही.

उजनी धरणावर फ्लेमिंगो बघायला दुपारी बस नेऊ नका. हिवाळ्यात, उजाडताना जा, भडक टी-शर्ट नको.

दुकानातून आणलेली ध्रुवीय अस्वलाची चित्रं चिकटवलेली वही मी परत करतो. घरामागच्या नाल्याचं चित्र काढून आणायला सांगतो.

शेवटची चूक शिक्षकांची. सुट्टीत कुणी पाऊस मोजला नसेल तर तो रकाना रिकामाच राहू द्या. तपासणीच्या आदल्या रात्री भरलेली वही लगेच कळते, सगळे आकडे पाचाच्या नाहीतर दहाच्या पटीत असतात. नोंद चुकली तर खोडरबर वापरायचा नाही. चुकलेल्या आकड्यावर एक आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, तारीख आणि मुलाची सही.