'गोत्तिल्ला' म्हणणारी मुलगी: कोकणातल्या लहान शाळेत नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकांसाठी

मी मूळची तासगावची. शिक्षणसेवक म्हणून देवगड तालुक्यात आले आणि इथलीच झाले. दरवर्षी घाटावरून नवीन शिक्षक इकडे येतात, पहिल्या महिन्यातच फोन करून विचारतात, "ताई, या मुलांना शिकवायचं कसं? एक मच्छीमार गाबितांचा, एक गवळी धनगरांचा, दोन मुसलमान, एक नेपाळ्याचा, एक कानडी, आणि वर्ग चार, शिक्षक दोन." त्यांना फोनवर जे तुकड्यातुकड्याने सांगते ते इथे एकत्र लिहिते आहे.

आधी माझी चूक. पहिल्याच आठवड्यात चित्र दाखवून पहिलीला विचारलं, "ही कोण?" एक मुलगा पटकन म्हणाला, "आवस." मी म्हटलं, "आवस नाही, आई म्हणायचं." वर्ग हसला. त्या मुलाने दिवाळीपर्यंत आपणहून तोंड उघडलं नाही. मालवणीत आई म्हणजे आवस आणि वडील म्हणजे बापूस, हे मला तेव्हा ठाऊकच नव्हतं. घरी दिवसभर तोंडात असलेला शब्द शाळेत आल्यावर चूक ठरला, आणि तो मी ठरवला. हे मला आजही बोचतं.

म्हणून पहिलं काम: रुजू झाल्यावर पंधरा दिवसांत वाडीवाडी फिरा. शाळा सुटल्यावर जा आणि वही बाहेर काढू नका, नाहीतर लोकांना वाटतं सर्वेक्षण आलं. खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, बसा. घरात कोण कोण आहे, मुलाशी कोणत्या भाषेत बोलतात, आई-बाबा दोघंही कामाला जातात का, वाटेत व्हाळ (ओढा) लागतो का, एवढं पाहून घ्या. पाणी पुढे केलं तर प्या, आणि प्रत्येक घरी प्या. बाई कोणाच्या घरी पाणी प्याल्या आणि कोणाच्या घरून "नको, आत्ताच प्याले" म्हणत उठल्या, हे गावाला त्याच संध्याकाळी कळतं. पाणी टाळलेल्या घरातलं मूल दुसऱ्या दिवशी वर्गात तुमच्याकडे कसं बघतं, ते मी पाहिलेलं आहे.

आता भाषेचं. तोंडी उत्तर मालवणीत आलं तर ते पूर्ण बरोबर धरा. पहिली-दुसरीत तर टोकूच नका. "आवशीन सांगल्यान" असं मूल म्हणालं की आई काय म्हणाली ते पुढे ऐका, वाक्य दुरुस्त करू नका. तिसरीपासून मी दोन पायऱ्या करते: "हे घरी आजीला कसं सांगशील?" असं विचारून गोष्ट पूर्ण बोलून घेते, आणि मग "आता हेच मुंबईच्या पाहुण्यांना कळेल असं लिही." लिहिण्यापुरती प्रमाणभाषा लागतेच, परीक्षा त्याच भाषेत आहे. पण आधी बोलू दिलं तर लिहायला काहीतरी असतं. शिक्षणाचं माध्यम शक्य तिथे मुलाची मातृभाषा असावं, असं शिक्षण हक्क कायद्यातच म्हटलं आहे. कोणी साहेब विचारायला आले तर हे सांगता येतं.

वर्गात एक भिंत मी शब्दांना दिली आहे. मराठी, मालवणी, नेपाळी, कानडी असे: आई, आवस, आमा, अव्वा. पाणी, पानी, नीरु. घराला नेपाळीतही घरच, कानडीत मने. सगळ्या मुलांनी सगळे शब्द म्हणायचे. एकच सांभाळा: कानडी मुलीला रोज उभं करून "म्हण गं तुझ्या भाषेत" असं करू नका. तिच्यावर वर्गाची करमणूक होऊ देऊ नका.

ही कानडी मुलगी चिरेखाणीवरची, म्हणजे जांभ्या दगडाच्या खाणीवरची. पाऊस सरला की विजापूरकडची कुटुंबं खाणीवर येतात आणि पुढच्या पावसाआधी परततात. तिला काहीही विचारलं की म्हणायची, "गोत्तिल्ला." मी आठवडाभर हजेरीजवळ लिहून ठेवलं होतं, "प्रतिसाद देत नाही." खाणीवरच्या मुकादमाने सांगितलं, गोत्तिल्ला म्हणजे माहीत नाही. ती पोर रोज मला नीट उत्तर देत होती! त्या संध्याकाळी मी तिच्या आईजवळ बसून दहा शब्द लिहून आणले: ये, बस, जेवण, दुखतंय का, असे. दुसऱ्या दिवशी "बा" म्हटलं, तशी ती दप्तरासकट उठून थेट माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

अशा मुलांपाशी कागद नसतात. जन्मदाखला नाही, आधीच्या शाळेचा दाखला नाही. त्यावरून परत पाठवू नका. 1 एप्रिल 2010 पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणूनही नाही. लहान भावाला काखेत घेऊन ती आली तर त्यालाही बसू द्या. तो बाहेर, तर तीही बाहेर.

वर्ग मात्र वयाप्रमाणे द्या. मी आधी ज्या शाळेत होते तिथे आम्ही आंब्याच्या बागेतल्या राखणदाराच्या नऊ वर्षांच्या नेपाळी मुलाला पहिलीत बसवलं होतं, कारण "मराठी येत नाही". दीड महिना तो गुडघे पोटाशी धरून बसला. एकदा गणिताला आंब्याची रिकामी पेटी आणली आणि त्यात खडे मोजायला लावले. तो पुढे आला, "एक, दुई, तीन, चार, पाँच" करत थेट साठपर्यंत गेला आणि म्हणाला, पाच डझन. मग मी फळ्यावर लिहिलं ते त्याने अडखळत का होईना वाचलं. नेपाळी देवनागरीतच लिहितात, हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. त्याला चौथीत बसवलं, भाषेसाठी रोज अर्धा तास वेगळा दिला. कायद्यात हेच आहे: वयानुरूप वर्ग, आणि मागे पडलेल्यासाठी विशेष प्रशिक्षण.

उशिरा येणाऱ्यांबद्दल थोडं. धनगरवाड्यावरची मुलं पावसात व्हाळ उतरेपर्यंत पलीकडे थांबतात. त्यांना दारात उभं करू नका. जून ते सप्टेंबर नवीन पाठ पहिल्या तासाला घेऊच नका, तेव्हा उजळणी ठेवा.

गाबितवाड्यातल्या मुलांच्या दप्तराला सुकटीचा वास येतो आणि शेजारचं मूल सरकून बसतं. दुर्लक्ष करू नका, भाषणही देऊ नका. मी दर सोमवारी बसायच्या जागा बदलते, सगळ्यांच्या. शिवाय परिसर अभ्यासात रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची मासेमारी, शिकवायला त्याच मुलांच्या आजोबांना बोलावते. ते जाळ्याचा तुकडा घेऊन येतात, आणि मग तो तुकडा हातात घ्यायला सगळा वर्ग त्यांच्याभोवती सरकतो.

निबंधाला "आमच्या घरचा गणपती" हा विषय वर्षानुवर्षं चालत आला आहे. काहींच्या घरी गणपती नसतो. "घरी पाहुणे येतात तेव्हा" असा विषय द्या. गणपतीही येतो, ईदही येते, आणि चाकरमानी काकाही येतात. रमजानात रोजा धरलेल्या मुलाला दुपारी कवायतीत पळवू नका, आणि जेवणाच्या सुट्टीत कुठे बसायचं ते त्यालाच ठरवू द्या. शिष्यवृत्तीची यादी करताना "अमुक जातीचे उभे राहा" हे वर्गात कधीही, कधीही करू नका. जात जनरल रजिस्टरमध्ये आहे, रजिस्टर कपाटात आहे, तिथून माहिती घ्या.

आणि ज्याला आपण चटकन "मठ्ठ" म्हणतो ते मूल. वही उघडायच्या आधी जे शेजाऱ्याच्या वहीत बघतं, त्याच्या मागे उभं राहून हळू आवाजात नाव घ्या. मान वळली नाही तर कानाची शंका घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक मुलांच्या तपासणीला शाळेत येतं तेव्हा ते मूल आधी पुढे करा, आणि गटसाधन केंद्रातल्या (शाळांना मदत करणाऱ्या तालुक्याच्या केंद्रातल्या) विशेष शिक्षकांना कळवा. तोवर त्याला पुढे बसवा, आणि फळ्याकडे तोंड करून बोलायची सवय सोडा. कान चांगला आणि तरी अक्षरंच उलटी पडत असतील तर तेही कळवा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत अध्ययन अक्षमताही आहे.

मे महिन्यात आंबा संपला की राखणदार निघतात, खाणीवरची कुटुंबंही निघतात. ती कधी निघणार हे एप्रिलमध्येच विचारून ठेवा, कारण बऱ्याचदा ती पहाटे जातात. शिक्षण हमी कार्ड, म्हणजे स्थलांतर करणाऱ्या मुलाला पुढच्या शाळेत दाखवायचं कार्ड, भरून तयार ठेवा. मूल काय वाचू शकतं, कुठे अडतं, हे त्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर ठळक अक्षरात लिहा, आणि खाली शाळेचा फोन नंबर घाला. वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईच्या हाती द्या. वाटेत पाऊस लागतो.