उन्हाळ कांदा निघण्याआधी कांदाचाळीचं सामान जमवा

उन्हाळ कांद्याच्या लागवडी उरकत आल्यात. काढणी मार्चअखेरीपासून पुढे, म्हणजे कांदा साठवायची हवेशीर चाळ बांधायची असेल तर सामानाची चौकशी आत्ताच, जानेवारीत सुरू करा. मार्च उजाडला की वेल्डर फोन उचलत नाही, बांबूवाला सांगेल तो भाव द्यावा लागतो, आणि कांदा शेतात ढिगाला पडलेला असताना चाळीवर पत्रा चढत नाही.

बाजारात जाण्याआधी वहीत एक हिशेब मांडा. कप्पा ४ फूट रुंद, कांद्याचा थर फार तर ५ फूट, चाळीची लांबी ५० फुटांच्या आत. एका घनफुटात साधारण साडेपंधरा किलो कांदा बसतो. ४० फूट लांबीचे दोन कप्पे घेतले तर १६०० घनफूट, म्हणजे २५ टन. हाच हिशेब उलटा करून बघा: तळाच्या दर चौरस फुटावर ७५ ते ८० किलो ओझं येतं, कप्प्याच्या दर फूट लांबीला तीन क्विंटलच्या वर. म्हणून माझं मत सरळ आहे. पैसा तळाला आणि छपराला घाला, बाजूंना नको. बाजू बांबूच्या कामट्यांच्या (चिरलेल्या पट्ट्यांच्या) असल्या तरी कांद्याचं काही बिघडत नाही. तळ खचला तर भर पावसाळ्यात सगळी चाळ उपसावी लागते.

जागा मात्र घरामागे मोकळी आहे म्हणून तिथेच, असं करू नका. साठवणीचे महिने पावसाळ्याचे आणि वारा पश्चिमेचा. त्या बाजूला घराची भिंत, गोठा किंवा कडब्याची गंजी आली तर चाळीत हवा खेळणार नाही. एकपाखी (कप्प्यांची एकच रांग असलेली) चाळ दक्षिणोत्तर आणि दुपाखी (दोन रांगांची) पूर्व-पश्चिम ठेवावी, अशी शिफारस आहे. पाणी साचत नाही अशी उंच जागा हवी. काळी जमीन असेल तर खांबांचे खड्डे मुरूम लागेपर्यंत न्या, कारण काळी माती पावसात फुगते, उन्हात फाटते आणि खांब हलवते.

आता सामान. खांब आणि छपराच्या कैच्यांसाठी दुकानात जाण्याआधी द्राक्षपट्ट्यात चौकशी करा. निफाड, दिंडोरीकडे बाग काढली की मांडवाचे लोखंडी अँगल विकायला निघतात आणि नव्यापेक्षा स्वस्त पडतात. जमिनीत गाडलेला भाग हातोडीने ठोकून बघा. गंजाचे पापुद्रे सुटत असतील तर तेवढा तुकडा कापून उरलेल्याची लांबी मोजा, मगच भाव करा. नवा अँगल घेताना नगावर घेऊ नका, काट्यावर घ्या. ४० बाय ४० बाय ५ मिलिमीटरचा अँगल मीटरला ३ किलो भरतो, म्हणजे ६ मीटरची लांबी १८ किलोच्या आसपास हवी. १४–१५ भरली तर जाडीत मारलंय, हे समजून दुसरं दुकान गाठा.

बांबू तीन वर्षं पुरी झालेला, पावसाळ्यानंतर तोडलेला घ्या. पावसाळ्यातला कोवळा बांबू गोडसर असतो, त्याला घूण लवकर लागते. दुकानात रचलेल्या बांबूंच्या बुडाशी पिठासारखी भुकटी दिसली की तिथून निघा. स्वतःच्या बांधावरचा बांबू असेल तर उत्तम. २०१७ च्या कायदादुरुस्तीनंतर वनक्षेत्राबाहेरचा बांबू वृक्षाच्या व्याख्येत येत नाही, त्यामुळे तो तोडायला घाबरण्याचं कारण नाही. तोडल्यावर दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवा, सावलीत वाळवा, मग चिरा.

तळाच्या कामट्या बसवताना दोन गोष्टींवर स्वतः उभं राहा. कामटीची पाठ, म्हणजे हिरवी गोल बाजू, वर हवी. चिरलेली कड वर राहिली तर सगळ्यात खालचा कांदा कापला जातो आणि सड तिथूनच सुरू होते. आणि दोन कामट्यांमधली फट गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, अडकणार नाही एवढीच ठेवा. अडकलेली गोल्टी कुजली की तिचं पाणी शेजारच्या कांद्याला लागतं. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, खाली दर चार-पाच फुटांवर विटांचा किंवा सिमेंटचा भक्कम टेकू. खालची जागा मोकळीच ठेवायची. तिथे ठिबकच्या नळ्या आणि रिकामी पोती कोंबण्याचा मोह सगळ्यांना होतो.

छपराला सिमेंटचे पत्रे किंवा मंगलोरी कौलं. लोखंडी पत्रा तापतो आणि वरच्या थरातल्या कांद्याचं वजन घटवतो. घरात पत्रे पडूनच असतील तर वरून पांढरा रंग द्या, त्यावर उसाचं पाचट अंथरून दोरीने आवळा. सिमेंटचा पत्रा कापायची वेळ आली तर ओला करून, धुळीचा मास्क लावून कापा, साध्या फडक्यावर भागवू नका, ती धूळ फुप्फुसाला वाईट. छप्पर दोन्ही बाजूंना ३ फूट बाहेर काढा. पश्चिमेच्या बाजूला गुंडाळता येईल असा ताडपत्रीचा पडदा हवा, पण तो पाऊस थांबताच वर गेला पाहिजे. दिवसभर खाली राहिलेल्या पडद्याआड कांदा घामेजतो.

अनुदान घ्यायचं असेल तर क्रम चुकवू नका. आधी महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी योजनांच्या पोर्टलवर अर्ज, मग पूर्वसंमती, त्यानंतरच खड्डा. सातबाऱ्यावर कांद्याची नोंद लागते, म्हणून ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून करायची पिकाची नोंद, राहिली असेल तर आधी ती करा. यंदाचा दर आणि मंजूर आराखडा तालुका कृषी अधिकारी कार्यालयातून घ्या, आणि माप त्या आराखड्याप्रमाणेच ठेवा. हौसेने रुंदी फूटभर वाढवली तर तपासणीत अडकाल, आणि कप्प्याच्या मधल्या कांद्यालाही हवा लागणार नाही.

बांबू जानेवारीत पाण्यात, लोखंडाचं काम फेब्रुवारीत, छप्पर मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात, अशी कामं लावा. कांदा आत टाकण्याआधी रिकाम्या चाळीत, तळाच्या कामट्यांसकट, बुरशीनाशक फवारून ती पुरती वाळू द्या.