चौकट आली की आधी 'नाही' म्हणा: अ‍ॅपच्या परवानग्या कशा तपासाव्यात

ठाणे स्टेशनचा पूल उतरता उतरता अ‍ॅप उघडलं, परवानगी मागणारी चौकट आली, 'अलाउ' दाबलं, गाडी पकडली. बहुतेक परवानग्या अशाच दिल्या जातात आणि वर्षानुवर्षं तशाच राहतात. यावर साधा उपाय म्हणजे पहिल्या वेळी नाकारायचं आणि काय अडतं ते बघायचं. जे अडलं, त्याच्यापुरती परवानगी द्यायची. फक्त एक लक्षात ठेवा. अँड्रॉइड ११ पासून तुम्ही दोनदा नाकारलं की ती चौकट पुन्हा येत नाही आणि अ‍ॅप बिघडल्यासारखं वाटतं. अशा वेळी अ‍ॅपच्या आयकॉनवर बोट दाबून धरा, 'अ‍ॅप इन्फो' मध्ये जा आणि 'परमिशन्स' मधून हवी ती परवानगी चालू करा.

लोकलच्या तिकिटाचं अ‍ॅप घ्या. प्रवासी आधीच स्टेशनात किंवा गाडीत नाही ना, हे ते जीपीएसवरून पाहतं. तिथे 'अंदाजे' लोकेशन देऊन भागत नाही. अंदाजे म्हणजे काही चौरस किलोमीटरचा पट्टा, त्यात घर आणि प्लॅटफॉर्म दोन्ही येतात. म्हणून 'प्रिसाइज' (अचूक) द्या, पण 'व्हाइल यूझिंग द अ‍ॅप' एवढंच. क्यूआर स्कॅन करायचा तर कॅमेरा लागेल, तो 'ओन्ली धिस टाइम' ठेवा. हवामानाच्या अ‍ॅपला मात्र अंदाजे लोकेशन पुरतं. घोडबंदर रोडवर पाऊस आहे की नाही हे सांगायला त्याला तुमची इमारत माहीत असायची गरज नाही.

सोसायटीच्या गेटचं अ‍ॅप खारघरपासून माजिवड्यापर्यंत सगळीकडे आहे. त्याला नोटिफिकेशन द्यावंच लागतं, नाहीतर डिलिव्हरीवाला खाली ताटकळत उभा राहतो. वॉचमनशी अ‍ॅपमधून बोलायचं असेल तर माइकही द्या. कॉन्टॅक्ट्स मात्र देऊ नका. पाहुण्याचा नंबर हाताने टाकता येतो. तुमच्या फोनबुकात इतरांचे नंबर असतात, ते वाटून टाकायला त्यांनी तुम्हाला सांगितलेलं नसतं.

कर्ज देणाऱ्या अ‍ॅपबाबत तर नियमच आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशा अ‍ॅपने कॉन्टॅक्ट्स, कॉल लॉग, फोटो-फाइल्स यांना हात लावायचा नाही. केवायसीपुरता कॅमेरा, माइक किंवा लोकेशन एकदा मागता येतं, तेही तुमची स्पष्ट संमती घेऊन. कॉन्टॅक्ट्स मागितले तर अर्ज तिथेच सोडा. हप्ता चुकल्यावर नातेवाइकांना धमक्यांचे फोन जातात ते याच यादीवरून.

एसएमएसची परवानगी सर्वांत जपून द्या, कारण ओटीपी तिथेच येतो. बँकेचं किंवा यूपीआयचं अ‍ॅप सिम तपासण्यासाठी तुमच्या फोनवरून एसएमएस पाठवतं, तिथे ती रास्त आहे. भाजीच्या किंवा कॅबच्या अ‍ॅपला ती लागत नाही. ओटीपी आपोआप भरण्यासाठी इनबॉक्स उघडा करावा लागतो हा गैरसमज आहे. तेवढा एकच मेसेज वाचण्याची वेगळी सोय अँड्रॉइडमध्ये आहे.

खरा घात होतो तो व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या एपीके (थेट अ‍ॅप बसवणाऱ्या) फाइलने. कधी ती लग्नपत्रिका असते, कधी आरटीओचं चलान, कधी 'आज रात्री वीज तोडणार' अशी धमकी. फाइल उघडली की आधी 'अननोन अ‍ॅप्स' (प्ले स्टोअरबाहेरची अ‍ॅप्स बसवू देणारी सोय) चालू करायला सांगतात, मग एसएमएस, मग 'अ‍ॅक्सेसिबिलिटी'. ही शेवटची सोय मुळात दृष्टिहीनांसाठी आणि हात नीट न चालणाऱ्यांसाठी आहे. ती मिळालेलं अ‍ॅप स्क्रीनवरचं सगळं वाचतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबतं. अँड्रॉइड १३ पासून बाहेरून आलेल्या अ‍ॅपला ती देताना 'रिस्ट्रिक्टेड सेटिंग' असा अडसर येतो. तो कसा काढायचा हे कोणी फोनवर समजावू लागलं, तर तो चोरच समजा आणि फोन ठेवा.

चूक झालीच तर हा क्रम पाळा. आधी एअरप्लेन मोड लावा आणि वायफायही बंद आहे ना ते बघा. मग सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी आणि 'डिव्हाइस अ‍ॅडमिन' (फोनवर जादा ताबा देणारी सोय) या दोन्ही ठिकाणी त्या अ‍ॅपची परवानगी काढा, मगच अनइन्स्टॉल करा. हा क्रम उलटा केला तर अनेकदा अनइन्स्टॉलचं बटण दबतच नाही. सेटिंग्ज आपोआप बंद होत असेल तर फोन सेफ मोडमध्ये (यात नंतर टाकलेली अ‍ॅप्स चालत नाहीत) चालू करा. बऱ्याच फोनवर 'पॉवर ऑफ' वर बोट दाबून धरलं की तो पर्याय येतो. दरम्यान घरातल्या कोणाच्या तरी फोनवरून बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन लावा. ऐरोलीत राहता आणि ठाण्यात नोकरी करता म्हणून तक्रार नवी मुंबईची की ठाण्याची, याचा घोळ घालत बसू नका. १९३० ला हद्द लागत नाही, आणि पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी ते गोठवायला मिनिटं मोजकीच असतात.

महिन्यातून एकदा 'प्रायव्हसी डॅशबोर्ड' बघा. अँड्रॉइड १२ पासून तो असतो आणि गेल्या २४ तासांत लोकेशन, कॅमेरा, माइक कोणी वापरला ते वेळेसकट दाखवतो. स्क्रीनच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसला म्हणजे कॅमेरा किंवा माइक चालू आहे. आयफोनवर माइकसाठी तो नारिंगी असतो.

परवानगी काढल्याने आधीच गेलेली माहिती परत येत नाही. नको असलेलं अ‍ॅप काढण्यापूर्वी त्याच्या सेटिंग्जमध्ये जाऊन 'डिलीट अकाउंट' करा, मगच अनइन्स्टॉल.