नर्सिंग आणि आयटीआय ट्रेडच्या मुलांना हिशोब शिकवताना या चुका टाळा

५०० मिली सलाईन ४ तासांत द्यायचं आहे, सेट (सलाईनची नळी) मिलीला २० थेंबांचा आहे, तर मिनिटाला किती थेंब? या गणिताला वर्गात हमखास एक उत्तर येतं: २५००. सूत्र बरोबर मांडलेलं असतं, गुणाकार-भागाकार चोख असतो. फक्त ४ तासांची २४० मिनिटं करायची राहून गेलेली असतात; ती केली की उत्तर येतं मिनिटाला साधारण ४२. शिक्षक लाल पेनाने ‘तासांची मिनिटं करा’ असं लिहितात आणि पुढचा पेपर ओढतात. पण मिनिटाला २५०० म्हणजे सेकंदाला जवळजवळ ४२ थेंब. याला थेंब कोण म्हणेल, ती धार झाली! उत्तर लिहिताना हे विद्यार्थ्याला जराही खटकलं नाही, खरी काळजीची गोष्ट ती आहे.

‘यांचं गणितच कच्चं आहे’ ही तक्रार स्टाफरूममध्ये कायम चालू असते. माझ्या मते बहुतेकांना आकडेमोड पुरेशी येते. आकड्यामागची वस्तू त्यांना दिसत नाही, आणि ती दाखवायचं काम शिकवण्यातच राहून जातं.

सूत्र आधी, सेट नंतर

थेंबांचं सूत्र फळ्यावर लिहून झाल्यावर कधीतरी प्रात्यक्षिकाच्या तासाला सेट हातात येतो. हा क्रम उलटा करा. पाण्याची बाटली टांगा, खाली अरुंद मोजपात्र ठेवा आणि २० थेंब मोजायला लावा. पातळी १ मिलीच्या खुणेजवळ आली की ‘२० थेंबांचा सेट’ म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. मग मायक्रो सेट (बारीक थेंबांचा) लावा, त्याच १ मिलीला ६० थेंब लागतात. तासाची मिनिटंही ६० आणि मिलीचे थेंबही ६०, त्यामुळे मायक्रो सेटवर तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब, हे मुली स्वतःच शोधून काढतात. शोधलेलं विसरत नाहीत, घोकलेलं परीक्षेनंतर उडून जातं.

शेवटी रोलर क्लॅम्प (नळीवरचं थेंबांचा वेग बदलणारं चाक) फिरवून मिनिटाला ४२ थेंब लावून दाखवायला सांगा. १५ सेकंदांत दहा-अकरा थेंब पडले की बरोबर. एकदा हा वेग डोळ्यांत बसला की २५०० हे उत्तर कागदावर उतरायच्या आधीच अडखळतं.

सगळ्या चुकांना एकच फुली

०.२५ मिलिग्रॅमचे मायक्रोग्रॅम किती? एकीने २५ लिहिलं, दुसरीने २५००, तिसरीने बरोबर २५० लिहिलं पण पुढे भागाकार उलटा मांडला. तिघींना शून्य गुण आणि तिघींना ‘सराव करा’ हा एकच सल्ला. तापाला आणि फ्रॅक्चरला एकच गोळी देण्यातला हा प्रकार आहे. पहिल्या दोघी १००० ने गुणताना दशांश चिन्ह किती घरं सरकतं तिथे घसरल्यात, तिसरीला एकक येतं पण वर काय आणि खाली काय ते कळलेलं नाही.

उलट्या भागाकारावर साधा इलाज आहे. आकडे हातात घ्यायच्या आधी तोंडी विचारा: ऑर्डर २५० मिलिग्रॅमची, गोळी ५०० ची. एक गोळी पुरेल, जास्त लागेल, की कमी? ‘कमी’ असं म्हटल्यावर २ हे उत्तर येऊच शकत नाही. ही ढोबळ अंदाजाची सवय प्रत्येक गणिताआधी लावा, अगदी कंटाळा येईपर्यंत.

चुकांची एक जात मात्र कागदावर दिसतच नाही, ती म्हणजे साधन वाचण्यातली. नेहमीच्या ५ मिलीच्या सिरिंजवर दोन आकड्यांमध्ये ५ घरं असतात, म्हणजे प्रत्येक रेघ ०.२ मिलीची. २ च्या पुढची तिसरी रेघ २.६ दाखवते. पण शाळेच्या पट्टीवर दहा घरांची सवय झालेली असते, म्हणून विद्यार्थी ती २.३ वाचतात. कागदावरचं उत्तर बरोबर, सिरिंजमधलं औषध चूक. त्यातच काही जण प्लंजरच्या (दट्ट्याच्या) रबराची सुईकडची कड सोडून मागची कड वाचतात. फिटरच्या वर्गातही हेच घडतं. व्हर्नियर या मोजमापाच्या साधनाचं लघुतम माप (ते मोजू शकतं ते सगळ्यात लहान माप) ०.०२ मिमी आहे की ०.०५ हे न बघताच रीडिंग लिहिलं जातं, शून्य चूक (बंद असताना शून्य न दाखवणं) तर कुणी तपासतच नाही. साधन कुठलंही असो, हातात आलं की आधी दोन मोठ्या खुणांमधली घरं मोजायची, मग एक घर केवढ्याचं ते म्हणायचं आणि त्यानंतरच वाचायचं.

इन्सुलिनची सिरिंज तर वेगळा तास मागते. मिलीला ४० युनिटवाली आणि मिलीला १०० युनिटवाली, दोन्ही शेजारी ठेवून दाखवा. मिलीला १०० युनिट असलेलं इन्सुलिन ४० च्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत भरलं तर आत अर्धा मिली, म्हणजे ५० युनिट जातात. अडीचपट!

एकाच पद्धतीचा हट्ट

‘हवा तो डोस भागिले हातातला डोस गुणिले मिली’ ही मांडणी चांगली आहे, पण ती एकमेव नाही. सीलिया हॉइल्स, रिचर्ड नॉस आणि स्टेफानो पोझी यांनी बालरुग्ण विभागातल्या नर्सचं काम जवळून पाहिलं आणि २००१ साली त्यावर संशोधन प्रसिद्ध केलं. अनुभवी नर्स शिकवलेलं सूत्र चालवत बसत नव्हत्या. त्या त्या औषधाच्या ओळखीच्या प्रमाणावरून त्या थेट उत्तरापर्यंत जात होत्या, आणि बरोबर जात होत्या. समजा, २ मिलीत १०० मिलिग्रॅम आहे आणि १२० मिलिग्रॅम द्यायचं आहे. १०० ला २ मिली, २० ला ०.४ मिली, एकूण २.४ मिली. इथे सूत्राची गरजच पडली नाही.

विद्यार्थी असं करतो तेव्हा ‘स्टेप्स कुठे आहेत?’ म्हणून गुण कापू नका. कुणी त्रैराशिक मांडेल, कुणी आधी १ मिलीत किती ते काढेल. उलट दुसऱ्या वाटेने जाऊन तेच उत्तर येतं का, हा पडताळा म्हणूनच वापरायला लावा. वॉर्डात दोघींनी डोस वेगवेगळा काढून ताडून बघायचा असतो. दोघींना एकच सूत्र पाठ असेल तर दोघी एकाच जागी चुकण्याचा धोका राहतो.

टक्के आणि गुणोत्तर गृहीत धरणे

हे शाळेत झालंय, असं समजून इथे सगळे पुढे सरकतात. शाळेतले टक्के नफा-तोट्याचे होते. २ टक्के लिग्नोकेन (बधिर करायचं औषध) म्हणजे १०० मिलीत २ ग्रॅम, म्हणजे मिलीला २० मिलिग्रॅम, ही साखळी कुणीतरी एकदा सावकाश उलगडून दाखवावी लागते. १:१००० आणि १:१०,००० ॲड्रेनालिनमध्ये मोठा आकडा दिसला की विद्यार्थी त्याला जास्त कडक समजतात. प्रत्यक्षात पहिल्यात मिलीला १ मिलिग्रॅम असतं, दुसऱ्यात ०.१.

‘एकास नऊ’ आणि ‘दहात एक’ यांचा गोंधळ तर सगळ्या ट्रेडमध्ये आहे. ५ टक्क्यांच्या ब्लीचचं ०.५ टक्के द्रावण करायचं तर १ भाग ब्लीच आणि ९ भाग पाणी, एकूण १० भाग. केसांच्या रंगात १:२ म्हणजे एक भाग रंग आणि दोन भाग डेव्हलपर (रंगात मिसळायचं द्रावण). ६० मिली मिश्रण हवं असेल तर २० आणि ४०. दोन ऐकून निम्मे करणारे, म्हणजे ३० आणि ३० घेणारे, प्रत्येक बॅचला निघतात. रंगीत पाण्याचे कप मांडून भाग मोजून दाखवा, फळ्यावर वेळ घालवू नका.

वेळेचं दशांश

१ तास १५ मिनिटं हे कॅल्क्युलेटरमध्ये १.१५ म्हणून जातं. ते १.२५ आहे. १०० मिली या वेळात द्यायचं तर तासाला ८० मिली येतात, १.१५ धरलं तर जवळपास ८७. सगळं मिनिटांत करून मगच भागा, एवढं सांगितलं तरी पुरतं.

राउंड करण्याची घाई

मधल्या पायरीवर राउंड करू देऊ नका, ते शेवटीच. आणि कुठल्या बाजूला करायचं हे काम ठरवतं, पाचाचा नियम ठरवत नाही. ६ मीटर पाइपातून ६०० मिमीचे किती तुकडे? कागदावर १०. कटरची पाती ३ मिमी जाडीची असेल तर ९ कापांत २७ मिमी भुसा होऊन जातो आणि शेवटचा तुकडा ५७३ चा उरतो. पूर्ण तुकडे ९ च. हे गणित दिल्यावर वर्गात वाद होतात, होऊ द्या.

लिहिण्याची शिस्त याच तासाला लावून टाका: .५ नाही, ०.५ लिहायचं, ५.० नाही, ५ लिहायचं. पहिल्यात टिंब दिसलं नाही तर ५ वाचलं जातं, दुसऱ्यात ५०. युनिट हा शब्द पूर्ण लिहायचा, कारण इंग्रजी यू घाईत शून्यासारखा दिसतो.

परीक्षा फक्त कागदावर

कॅल्क्युलेटरला बंदी घालण्यात मला अर्थ दिसत नाही, कामावर तो असणारच आहे. अंदाज आधी लिहून घ्या, मग खुशाल बटणं दाबू द्या. घड्याळ लावून पाच मिनिटांत वीस गणितं सोडवून घेणं मात्र बंद करा, त्यात घाबरलेल्या मुली आधी बाद होतात आणि कच्च्या तशाच राहतात. निम्मे गुण प्रत्यक्ष भरलेल्या सिरिंजला, लावलेल्या थेंबांना, कापलेल्या तुकड्याला ठेवा.

प्रश्नात नको असलेली माहितीही घाला. वजन, वय, खाट क्रमांक सगळं द्या आणि कामाचं काय ते निवडायला लावा. आणि प्रत्येक पेपरात एक प्रश्न असा ठेवा की ज्यात ऑर्डरच शंकास्पद आहे: गोळी ०.२५ मिलिग्रॅमची, ऑर्डर २.५ मिलिग्रॅमची. ‘१० गोळ्या’ असं लिहून पुढे जाणारीला शून्य. ‘ऑर्डर परत विचारून घेईन, तोवर गोळी देणार नाही’ असं लिहिणारीला पूर्ण गुण, तिने भागाकार केला नसला तरी.